स्टेशन (शब्द)

स्टेशन हा मूळ इंग्रजी शब्द असून मराठीत तो प्रामुख्याने 'रेल्वेगाड्या थांबण्याची जागा' या अर्थाने रूढ आहे. इंग्रजीत मात्र त्याचे अर्थ पुष्कळ आहेत. पहाऱ्याची जागा, लष्करी ठाणे, पोलिसांचे कार्यालय, थंड हवेचे ठिकाण, वीजनिर्मितीचे केंद्र, रेडिओचे केंद्र, मेंढ्यांचे विस्तीर्ण कुरण, समाजातील पायरी अशा अनेक गोष्टींसाठी तो वापरला जातो. या सर्व अर्थांच्या मुळाशी 'उभे राहणे' ही एकच क्रिया आहे. संस्कृतातील 'स्था' हा धातू आणि इंग्रजी 'स्टेशन' यांचे मूळ एकच असल्याने मराठीतील स्थान, स्थानक, ठाणे, ठाण हे शब्द त्याचे दूरचे नातलग ठरतात. हा लेख शब्दाविषयी आहे, रेल्वे स्थानकांच्या रचनेविषयी किंवा कामकाजाविषयी नाही.

व्युत्पत्ती

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमार्गे आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप 'एस्तासिओन' असे होते. त्याच्यामागे लॅटिनमधील 'स्तातिओ' हे नाम आहे. त्याचा अर्थ उभे राहणे, उभे राहण्याची जागा, पहाऱ्याची जागा किंवा जहाजांचा नांगर टाकण्याचा तळ असा होता. हे नाम 'स्तारे' म्हणजे उभे राहणे या क्रियापदापासून बनले आहे.

लॅटिन 'स्तारे', ग्रीक 'हिस्तेमि', संस्कृत 'स्था' आणि इंग्रजी 'स्टँड' हे सर्व शब्द इंडो-युरोपीय भाषाकुळातील 'उभे राहणे' या अर्थाच्या एकाच आदिम धातूपासून निघाले आहेत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एकाच पूर्वज भाषेत असावा, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. पुढील शतकात तौलनिक भाषाशास्त्राने ध्वनींच्या नियमित संवादांच्या आधारे त्याची सिद्धता केली. या धातूच्या बाबतीत हे साम्य केवळ मुळाक्षरांपुरते नाही. संस्कृतात 'तिष्ठति' हे रूप धातूची द्विरुक्ती होऊन तयार होते, लॅटिनमधील 'सिस्तित्' हे रूपही तसेच होते.

स्टेशन, स्थान आणि स्थिती

'स्टेशन हा शब्द संस्कृत स्थान या शब्दावरून घेतला आहे' असे विधान अनेकदा केले जाते. ते बरोबर नाही. इंग्रजी शब्दाचा लॅटिनपासून फ्रेंचमार्गे इंग्रजीपर्यंतचा प्रवास लिखित पुराव्यांतून सलग दिसतो आणि त्यात संस्कृतचा मुक्काम कोठेही लागत नाही. हे दोन शब्द आई व मुलगी नसून एकाच पूर्वजाच्या दोन शाखांतील वंशज आहेत.

दोन्ही शब्दांच्या शेवटी 'न' येतो, म्हणून त्यांचे नाते अधिक जवळचे भासते. परंतु हा 'न' दोन्हीकडे निरनिराळ्या प्रत्ययांतून आला आहे. 'स्थान' मधील 'न' हा गमन, पठन, दर्शन या नामांत दिसणाऱ्या 'अन' प्रत्ययाचा आहे. 'स्टेशन' मधील 'न' लॅटिन नामांच्या विभक्तिरूपांत येणाऱ्या प्रत्ययाचा आहे. तो वगळल्यास लॅटिन शब्दात धातू अधिक 'ति' अशी रचना उरते. हाच 'ति' प्रत्यय संस्कृतात गती, मती, स्तुती या शब्दांत आहे. त्यामुळे घडणीच्या दृष्टीने 'स्टेशन' या शब्दाचा सर्वांत जवळचा संस्कृत नातलग 'स्थान' नसून 'स्थिति' हा आहे. ग्रीकमधील 'स्तासिस' हा शब्दही याच घडणीचा आहे.

सगोत्र शब्द

या धातूचा विस्तार मराठीत फार मोठा आहे. त्यातील काही शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले, काही प्राकृतातून झिजून आले, तर काही फार्सी व इंग्रजीतून आले.

- तत्सम : स्थान, स्थिती, स्थिर, स्थावर, अवस्था, व्यवस्था, संस्था, आस्था, निष्ठा, प्रतिष्ठा, प्रस्थान, गृहस्थ.
- तद्भव : ठाण, ठाणे, ठाव, ठेवणे, उठणे ('उत्' अधिक 'स्था'), गोठा (गोष्ठ, म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा).
- फार्सीतून आलेले : 'स्तान' हा प्रत्यय असलेले हिंदुस्तान, कब्रस्तान इत्यादी शब्द.
- इंग्रजीतून आलेले : स्टँड, स्टेट, इस्टेट, स्टेटस, स्टूल, सिस्टिम.

आज मोबाइलवर 'स्टेटस ठेवले' असे म्हटले जाते. त्यात लॅटिनमार्गे आलेले नाम आणि प्राकृतमार्गे आलेले क्रियापद शेजारी बसतात. दोन्हींचा धातू एकच आहे.

महाराष्ट्रातील काही प्राचीन गावांची नावेही याच धातूची आहेत. सातवाहनांची राजधानी 'प्रतिष्ठान' हिचे आजचे नाव पैठण. शिलाहारांच्या लेखांत 'श्रीस्थानक' या नावाने येणारे नगर म्हणजे आजचे ठाणे. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या जागांना 'स्थान' म्हणतात आणि त्यांची माहिती 'स्थानपोथी' या प्राचीन मराठी ग्रंथात दिली आहे.

इंग्रजीतील अर्थविकास

'उभे राहणे' या मूळ अर्थापासून इंग्रजीत या शब्दाचे अर्थ पुढीलप्रमाणे पसरले.

- धार्मिक : प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजात बुधवार व शुक्रवारच्या उपवासाला 'स्तातिओ' म्हणत. सैनिक जसा पहाऱ्यावर उभा राहतो तसा भक्त त्या दिवशी जागृत राहतो, अशी त्यामागे कल्पना होती. पुढे येशूच्या क्रूसयात्रेतील १४ प्रसंगांनाही हा शब्द लागला. मराठी ख्रिस्ती समाजात ही उपासना 'क्रूसाची वाट' या नावाने ओळखली जाते.
- ज्योतिर्विषयक : ग्रह वक्री किंवा मार्गी होण्यापूर्वी आकाशात थांबल्यासारखा दिसतो, त्या अवस्थेला इंग्रजीत हा शब्द होता. मराठीत अशा ग्रहाला 'स्तंभी' म्हणतात.
- लष्करी व नाविक : सैन्याचा तळ किंवा आरमाराचे नेमून दिलेले क्षेत्र. सैनिकाला एखाद्या जागी तैनात करणे या अर्थी हा शब्द क्रियापद म्हणूनही वापरला जातो.
- सामाजिक : माणसाची समाजातील पायरी, दर्जा. मराठीत 'त्याची स्थिती चांगली आहे' असे म्हणताना 'स्थिती' या शब्दाला जवळपास हाच अर्थ प्राप्त होतो.
- भूमापन : जेथे उपकरण उभे करून कोन मोजतात तो बिंदू. एकोणिसाव्या शतकात झालेल्या भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात उंच टेकड्यांवर असे बिंदू निश्चित करण्यात आले.
- पशुपालन : ऑस्ट्रेलियात मेंढ्या किंवा गुरे पाळण्याच्या अतिविस्तीर्ण शेतजमिनीला 'स्टेशन' म्हणतात.
- वाहतूक : घोडागाड्या जेथे थांबत त्या जागा आणि १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाल्यानंतरच्या काळात रेल्वेगाड्या थांबण्याच्या जागा.
- तांत्रिक : वीज, रेडिओ, दूरचित्रवाणी, हवामान व अवकाश संशोधन यांची केंद्रे.

स्टेशनरी

वह्या, पेन, कागद यांच्यासाठी मराठीत रूढ असलेला 'स्टेशनरी' हा शब्दही याच कुळातला आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरस्ते होते. विद्यापीठांच्या गावी मात्र ग्रंथविक्रेते एकाच जागी दुकान मांडून बसत. अशा ठाण मांडून बसलेल्या विक्रेत्याला लॅटिनमध्ये 'स्तातिओनारिउस' म्हणत. त्यावरून इंग्रजीत 'स्टेशनर' हा शब्द आला आणि त्याने विकलेला माल 'स्टेशनरी' झाला. लंडनमध्ये ग्रंथव्यवसायातील लोकांचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला. या 'स्टेशनर्स कंपनी'ला १५५७ मध्ये राजाज्ञेने सनद मिळाली. 'स्थिर' या अर्थाचे इंग्रजी विशेषण आणि लेखनसाहित्याचे नाव यांचा उच्चार एकच आहे. इंग्रजी लेखनात मात्र शेवटून तिसरे अक्षर भिन्न आहे (पहिल्यात 'ए', दुसऱ्यात 'ई'), त्यामुळे विद्यार्थ्यांची येथे नेहमी गफलत होते.

ब्रिटिश भारतातील अर्थ

रेल्वे येण्यापूर्वीच हा शब्द भारतात आला होता. जिल्ह्याचे इंग्रज अधिकारी किंवा छावणीतील लष्करी अधिकारी जेथे राहत, त्या वसाहतीला 'स्टेशन' म्हणत. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या आंग्ल-भारतीय शब्दकोशात या अर्थाची स्वतंत्र नोंद आहे.

'हिल स्टेशन' हा शब्दप्रयोग याच अर्थातून निघाला. उन्हाळ्यात अधिकाऱ्यांची वसाहत डोंगरावर जाई, म्हणून ते डोंगरावरचे स्टेशन. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वरची वसाहत आकाराला आली. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानला पोहोचले. नेरळ-माथेरान रेल्वे मात्र १९०७ मध्ये सुरू झाली. म्हणजे माथेरान 'हिल स्टेशन' झाल्यानंतर अर्धशतकाने तेथे रेल्वेचे स्टेशन आले. 'हिल स्टेशन' मधील स्टेशनचा रेल्वेशी मूळ संबंध नाही, हे यावरून स्पष्ट होते.

भारतीय इंग्रजीत 'आउट ऑफ स्टेशन' म्हणजे 'बाहेरगावी' हा प्रयोग आजही चालतो. त्यातील 'स्टेशन' म्हणजे नेमणुकीचे गाव. सरकारी नोकरीत 'मुख्यालय सोडण्याची परवानगी' असे जे मराठीत लिहिले जाते, त्याच्या इंग्रजी रूपात हाच शब्द असतो.

नाशिक जिल्ह्यात याच्या उलट दिशेने झालेल्या प्रवासाचे उदाहरण आढळते. देवळाली येथील लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत सैनिकांना दीर्घकाळ राहावे लागे. त्या कंटाळवाण्या मुक्कामावरून देवळालीचे नाव 'डूलाली' असे होऊन 'डोके फिरणे' या अर्थाने इंग्रजीत रूढ झाले.

रेल्वे आणि मराठी

१६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर धावली. पुढील काळात 'स्टेशन' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी सर्वत्र पोहोचला. पहिल्या गाडीचा शेवटचा थांबा ज्या गावी होता, त्या गावाचे नावच 'स्थानक' या शब्दापासून झाले आहे. त्यामुळे 'ठाणे स्टेशन' या जोडशब्दात एकाच धातूचे दोन वंशज एकत्र आले आहेत आणि 'ठाणे स्थानक' या नावात तर एकच शब्द प्राकृत व संस्कृत अशा दोन रूपांत आला आहे.

थळ घाटातील (कसारा घाट) मार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि मुंबईचा नाशिक जिल्हा व खानदेश यांच्याशी सलग रेल्वेसंबंध जुळला. जिल्ह्याच्या पूर्व भागातील नांदगाव हे तालुक्याचे ठिकाण याच मार्गावर मनमाड व चाळीसगाव यांच्या दरम्यान आहे. ते मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. तालुक्यातील मनमाड व न्यायडोंगरी येथेही रेल्वे स्थानके आहेत. हैदराबाद संस्थानाचा मनमाड-औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तोपर्यंत वेरूळची लेणी पाहण्यासाठी येणारे प्रवासी नांदगावला उतरून पुढचा प्रवास टांग्याने किंवा बैलगाडीने करीत. त्या काळातील इंग्रजी प्रवासमार्गदर्शिकांत नांदगावची ओळख वेरूळसाठी उतरण्याचे स्टेशन अशी आहे.

स्थानकांच्या नावांत कधी 'रोड' हा शब्द जोडलेला असतो. मूळ गाव रुळांपासून दूर असल्याचे तो सुचवतो. नाशिक शहराचे 'नाशिक रोड' हे त्याचे जवळचे उदाहरण. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कोकण रेल्वेवर 'नांदगाव रोड' या नावाचे स्थानक आहे. ते आणि नाशिक जिल्ह्यातील नांदगाव ही भिन्न स्थानके आहेत. छत्तीसगडमधील राजनांदगाव हे तिसरे.

मराठीतील रूपे व व्याकरण

मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे (ते स्टेशन, ती स्टेशने). हिंदीत तो पुल्लिंगी आहे. विभक्तिप्रत्यय लागताना स्टेशनात, स्टेशनावर, स्टेशनाला अशी सामान्यरूपे होतात, मात्र बोलण्यात 'स्टेशनवर', 'स्टेशनला' अशी रूपेही सर्रास ऐकू येतात. स्टेशनमास्तर, स्टेशन रोड असे सामासिक शब्द रूढ आहेत.

बोलीभाषांत टेशन, टेसन, ठेशन, ठेसन, इस्टेशन अशी रूपे आढळतात. शिक्षित समाजात ती अशुद्ध मानली जातात. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यांत नियम दिसतो.

- इंग्रजीतील 'ट' हा वर्ण मराठी कानाला दंत्य 'त' पेक्षा मूर्धन्य 'ट' ला जवळचा वाटतो, म्हणून 'स्टेशन', 'स्तेशन' नव्हे.
- शब्दारंभीचे जोडाक्षर सुलभ करण्यासाठी त्याच्या आधी स्वर घेतला की 'इस्टेशन' होते. जुन्या फ्रेंचमध्ये लॅटिन शब्दाच्या आरंभी 'ए' येऊन 'एस्तासिओन' हे रूप झाले, त्यामागेही हीच प्रवृत्ती होती.
- जोडाक्षरातील 'स' गळाला आणि त्याचा महाप्राण पुढील व्यंजनात राहिला की 'ठेशन' होते. संस्कृत 'हस्त' पासून प्राकृत 'हत्थ' आणि 'स्थान' पासून 'ठाण' होताना असाच बदल झाला आहे.

तेव्हा 'ठेशन' म्हणणारी निरक्षर आजी भाषा बिघडवीत नसते. दोन सहस्रकांपूर्वी प्राकृत बोलणाऱ्यांनी 'स्थान' या शब्दाचे जे केले, तेच ती इंग्रजी शब्दाचे करीत असते.

मराठी प्रतिशब्द

इंग्रजीत एकच शब्द असला तरी मराठीने अर्थानुसार निरनिराळे प्रतिशब्द स्वीकारले आहेत.

- रेल्वे स्टेशन : रेल्वे स्थानक
- पोलीस स्टेशन : पोलीस ठाणे
- पॉवर स्टेशन : विद्युत केंद्र (उदा. नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्र), सबस्टेशन : उपकेंद्र
- फायर स्टेशन : अग्निशमन केंद्र
- रेडिओ स्टेशन : नभोवाणी केंद्र, आकाशवाणी केंद्र
- पोलिंग स्टेशन : मतदान केंद्र
- हिल स्टेशन : थंड हवेचे ठिकाण, गिरिस्थान
- स्पेस स्टेशन : अवकाश स्थानक

यांपैकी 'ठाणे' हा प्रतिशब्द नव्याने घडवलेला नाही. सैन्याची किंवा अंमलदाराची चौकी या अर्थाने तो इंग्रजी राजवटीपूर्वीपासून चालत आला आहे. 'ठाणे बसवणे', 'ठाणेदार', 'ठाण मांडणे' हे प्रयोग त्याच्या जुनेपणाची साक्ष देतात. पोलीस खात्याच्या मराठीत 'स्टेशन डायरी'ला 'ठाणे दैनंदिनी' म्हणतात.

स्टेशन की स्थानक?

परभाषेतील शब्द घ्यावेत की त्यांच्या जागी स्वभाषेतील शब्द योजावेत, हा वाद मराठीत जुना आहे. शिवकालात फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. विसाव्या शतकात वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि माधव जूलियन यांनी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धिविवेक' हा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले व शासनव्यवहारातील परिभाषा निश्चित होत गेली. 'स्थानक' हा शब्द या वातावरणात फलकांवर व कागदोपत्री स्थिरावला.

'स्थानक' या शब्दाच्या बाजूने असे म्हटले जाते, की तो अर्थवाही, सुटसुटीत व उच्चारास सोपा आहे. तो संस्कृतात व शिलालेखांत पूर्वीपासून असल्यामुळे कृत्रिमही नाही. उद्घोषणा, वृत्तपत्रे व पाठ्यपुस्तके यांतून तो आज सर्वांना परिचित झाला आहे.

बोलण्यात मात्र त्याला एक अडचण आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि गावोगावी बसगाड्या थांबण्याच्या जागा झाल्या. लोकांनी त्यांना 'स्टँड' म्हटले, तर कागदोपत्री 'बसस्थानक' हा शब्द आला. बोली मराठीत 'स्टेशन' म्हणजे रेल्वेचे आणि 'स्टँड' म्हणजे एसटीचे, असा स्वच्छ भेद झाला आहे. नांदगावसारख्या, रेल्वे व एसटी दोन्ही असलेल्या गावी रिक्षावाल्याला नुसते 'स्थानकावर चला' असे सांगितल्यास त्याला 'स्टँड का स्टेशन?' असे विचारावे लागते. इंग्रजीत परस्परांचे नातलग असलेले हे दोन शब्द मराठीने घेऊन त्यांच्यात कामाची वाटणी केली आहे, ती 'स्थानक' या एकाच शब्दात पुसली जाते. म्हणूनच लेखी भाषेत 'रेल्वे' किंवा 'बस' हे पद आधी जोडावे लागते.

'स्टेशन' परका आणि 'स्थानक' आपला, ही वादाची नेहमीची मांडणी व्युत्पत्तीच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही. स्टेशन, स्टँड, स्थानक व ठाणे हे चारही शब्द एकाच धातूचे असून ते निरनिराळ्या वाटांनी व निरनिराळ्या काळी मराठीत आले आहेत. सध्याच्या मराठीत लेखनात 'स्थानक', पोलिसांच्या संदर्भात 'ठाणे' आणि बोलण्यात 'स्टेशन' व 'स्टँड' असे हे शब्द एकाच वेळी नांदत आहेत.